नझिराचं थडगं

ऐन-तूत गावात नझिराचं थडगं कुठं आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चर्चच्या मागं, अक्रोडाच्या झाडाखाली. बाहेरून कुणी पाहुणे आले की त्यांना तिथं घेऊन जायचं काम मात्र नझिराकडं असायचं. तिचं घर चर्चला लागून होतं आणि तिला नवरा ना पोर, दुसरा व्याप काय, असं गावाचं मत होतं. ती पाहुण्यांना पाणी द्यायची, कॉफी द्यायची, पुढं होऊन थडगं दाखवायची आणि ते रडत असताना ताट घेऊन बाजूला उभी राहायची. स्वतःच्या थडग्यापाशी अशी ताट धरून उभी राहिलेली बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

हे कसं झालं ते सांगायचं तर एका मासिकापासून सुरुवात करावी लागते. फ्रेंचांचा अंमल नुकता बसला होता आणि आमच्या डोंगरातली निम्मी तरणी माणसं ब्राझीलला गेली होती. तिथं कापडाचं गाठोडं पाठीवर टाकून दारोदार फिरायचं, मग दुकान टाकायचं, पोट भरायला लागलं की यांना गाव आठवायचं, आणि गाव आठवलं की हे लोक मासिक काढायचे. साओ पावलोच्या एकेका गल्लीत म्हणे अरबी मासिकं एकमेकांच्या उरावर बसलेली. काही दोन अंकांत आटोपायची, काही संपादकांच्या भांडणात फुटून एकाची दोन व्हायची. त्यातलं ‘अल-मर्ज’, म्हणजे कुरण, बऱ्यापैकी तग धरून होतं. ते बोटीनं बैरूतला यायचं आणि तिथून खेचरावर वर चढायचं. सगळ्या गावाला एकच अंक. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की आमचे पाद्री अबूना बुत्रुस चर्चच्या ओट्यावर बसून तो मोठ्यानं वाचायचे. बायका एका बाजूला उभ्या, बाप्ये एका बाजूला. शिवाय बैरूतची मासिकं त्यातल्या गोष्टी न विचारता उचलायची आणि बैरूतवरून कैरोची. एकदा छापून आलेली गोष्ट कुठंकुठं जाऊन पोचेल याचा नेम नव्हता.

एका वसंतात ‘अल-मर्ज’मध्ये एक लांबलचक गोष्ट सुरू झाली. लिहिणारा शिब्ली, आमच्याच गावचा, लोकांच्या शेळ्या राखणारा पोरगा. चार वर्षांपूर्वी बोटीवर चढला होता. गोष्टीत एक गुराखी होता, त्याच्या हातात बासरी होती, झरा होता, कोकरं होती. ऐन-तूतमध्ये कोकरू औषधालाही नव्हतं आणि शिब्लीला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारण्यापलीकडं कुठलंही वाद्य येत नव्हतं. पण ते राहू द्या. त्या गुराख्याचं एका मुलीवर प्रेम होतं, तिचंही त्याच्यावर. त्यांचं गाव ऐन-तूत. मुलीचं घर चर्चला लागून. मुलीचं नाव नझिरा. गुराख्याचं नाव बदलायचं शिब्लीला सुचलं होतं, मुलीचं बदलायचं सुचलं नाही.

अबूनांनी ते नाव वाचलं आणि ओट्यासमोरची सगळी डोकी एकदम बायकांच्या बाजूला वळली. नझिरा तिथंच उभी होती. वय एकोणीस. रेशमाच्या किड्यांचा हंगाम होता, हात तुतीच्या पाल्यानं हिरवे झालेले. तिला आधी हसूच आलं.

“अगं, हे काय?” शेजारची म्हणाली. “कळू दिलं नाहीस की आम्हाला!”

“मला तरी कुठं कळलंय?” नझिरा म्हणाली.

शिब्लीशी ती जन्मात एकदाच बोलली होती. त्याची शेळी त्यांच्या तुतीच्या रोपांत शिरली होती. ती हातातली टोपली आपटून ओरडली होती, “तुझी शेळी आमच्या तुतीत शिरलीय, आंधळा आहेस का?” एवढंच. त्या एवढ्याचं शिब्लीनं परदेशात बसून काय केलं, तर गोष्टीतली नझिरा म्हणते, ‘हे गुराख्या, तुझं कोकरू वाट चुकून माझ्या बागेत आलं, तसा तूही येशील का?’ गावातले बाप्ये डोळे पुसायला लागले.

खरं सांगायचं तर नझिराचं लग्न ठरलेलं होतं. दरीपलीकडं बैत-सनौबर गाव आहे, तिथला तन्नूस. खेचरं होती त्याच्याकडं. आमच्या गावाचे रेशीमकोश तोच खाली कारखान्यात घेऊन जायचा. बोलायला फारसा नव्हता. पण गोण्या लादताना नझिराच्या घरची गोणी तो नेहमी सगळ्यांत वर ठेवायचा, कोश चेपू नयेत म्हणून. नझिरानं ते पाहिलं होतं, आणि आपण पाहिलं हे त्यालाही कळेल अशा बेतानं पाहिलं होतं. आमच्याकडं त्या काळी याहून जास्त काही करायची सोय नव्हती आणि तिला याहून जास्त काही नकोही होतं. हंगामाचे कोश खाली गेले की अंगठीला अबूनांचा आशीर्वाद घ्यायचा, असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं.

पुढच्या अंकात गोष्टीतली नझिरा आपला पांढरा रुमाल तुतीच्या फांदीवर टांगू लागली, गुराख्याला खूण म्हणून. आता आमच्या गावात अख्खं धुणं तुतीवरच वाळत पडायचं. तन्नूसची आई अंगठीचं बोलायला म्हणून दरी उतरून-चढून आली, तेव्हा अंगणातल्या तुतीवर नझिराचा रुमाल वाळत होता. म्हातारी दारातच थांबली. रुमालाकडं बघितलं, नझिराच्या आईकडं बघितलं.

“खरंच आहे म्हणायचं.”

“काय खरं आहे? धुतलाय तो!”

“बाई, जिचं नाव चर्चच्या ओट्यावर परक्या पुरुषाबरोबर वाचलं जातं, ती आमच्या उंबऱ्याच्या आत यायची नाही. आणि माझा पोरगा दुसऱ्याचं उष्टं खाणारा नाही.”

तन्नूस स्वतः काही बोलायला आला नाही. नझिरा आठवडाभर वाट पाहत होती. मग कोश न्यायला आला तो त्याचा चुलतभाऊ, आणि त्यानं तिची गोणी सगळ्यांत खाली टाकली. त्या दिवशी ती रडली. आपलं सांगणं त्याच्यापर्यंत पोचवायचं कसं, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात होता. ‘मी शिब्लीवर प्रेम केलं नव्हतं’ असं मुलीनं म्हणायचं म्हणजे मुलीनं प्रेम हा शब्द उच्चारायचा. तेवढी हिंमत तेव्हा कुणात होती?

शेवटच्या अंकात गोष्टीतली नझिरा वाट पाहून पाहून खंगली आणि मेली. अक्रोडाखाली तिला पुरलं. अबूना वाचता वाचता दोनदा थांबले. बायकांनी छाती बडवली. नझिराच्या वहिनीनंही, सैदेनं, डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि मग शेजारी उभ्या असलेल्या नणंदेकडं बघून म्हणाली, “अशी काय उभी आहेस? थोडं तरी वाईट वाटू दे!”

थडग्याचा प्रकार पुढच्या वसंतातला. बैरूतच्या कॉलेजातली मुलं आणि त्यांचे मास्तर असे डोंगर चढून आले. हातात बैरूतच्या मासिकाचा अंक. नझिराची कबर पाहायची म्हणाले. आता दिवसभर चालून आलेल्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचं हे आमच्या डोंगरात कुणाच्या बापाला जमलेलं नाही. जे मागेल ते द्यायचं, नसेल तर शेजारून आणून द्यायचं. अबूना बुत्रुसांनी इकडंतिकडं बघितलं. चर्चमागं अक्रोडाखाली एक जुनी, नावगाव झिजलेली कबर होती. कुणा वाटसरू खेचरवाल्याची, असं म्हातारे सांगायचे. अबूनांनी तिकडं बोट केलं.

नझिरा पाण्याचा घडा घेऊन मागंच होती. “अबूना,” ती हळूच म्हणाली, “ती तर मी.”

“पोरी, पाहुणे तहानलेत. आधी पाणी दे.”

ते दिलं, आणि तिथंच सगळं संपलं. पोरं गुडघे टेकून रडली, मास्तरांनी फोटो काढला. मग दर वसंतात कुणी ना कुणी येऊ लागलं. जाहले शहरातल्या वाचक-मंडळींनी नवा दगड बसवला, त्यावर तिचं नाव कोरलं. त्यानंतर ‘ती जिवंत आहे’ असं म्हणणं म्हणजे अबूनांना खोटं पाडणं, गावाला खोटं पाडणं. कुणी नझिराला गप्प राहा असं सांगितलं नाही. कुणाला सांगावं लागलं नाही. गावचे लोक तिच्याशी वाईट वागत होते असंही नाही. पण लग्नाचं कुणी बोलेना. मेलेल्या मुलीसाठी कोण मागणी घालणार? आईबाप गेले, भाऊ खाली शहरात राहायला गेला, सैदे त्याच्याबरोबर गेली. घरात नझिरा उरली.

तिची संगत म्हणजे दरीपलीकडचं एक छत. तन्नूसचं. आमच्या जुन्या घरांची छतं मातीची. पाऊस पडून गेला की ती दाबायला वर चढून दगडी रूळ फिरवावा लागायचा. पावसानंतरच्या सकाळी पलीकडून त्या रुळाचा घर्र-घर्र आवाज यायचा आणि नझिराला कळायचं की तो आहे, बरा आहे, हातपाय चालताहेत. त्यानं लग्न केलं तेव्हाही तो आवाज येत होता. पोरं झाली, बायको वारली, तरी येत होता. तिनं कधी त्याच्या नावानं उसासा टाकला नाही. पण पावसानंतर ती सगळ्यांत आधी बाहेर येऊन उभी राहायची, एवढं खरं. फ्रेंच गेले, तुती तोडून लोकांनी सफरचंदं लावली, आणि एका उन्हाळ्यात तन्नूसच्या पोरांनी छतावर सिमेंट ओतलं. त्या हिवाळ्यात पाऊस झाला आणि पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. घर इतकं रिकामं तिला आईच्या मरणानंतरही वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. दर वर्षी संत एलियाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी थडग्यावर मधमाशीच्या मेणाची एक मेणबत्ती जळून संपलेली सापडायची. कोण लावतं हे कुणी पाहिलं नव्हतं. असेल कुणी वाचक, म्हणून ती मेण खरवडून टाकायची.

मग एके दिवशी शिब्लीच आला. बैरूतहून टॅक्सी करून, डोक्याला हॅट, हातात काठी, पुढचा एक दात सोन्याचा. बायको तिकडं वारली होती, दुकान पोरांकडं सोपवलं होतं. गावात एकच धांदल उडाली. वाचक येणं वेगळं आणि गोष्ट लिहिणारा येणं वेगळं. सरपंचाची बायको धावत नझिराकडं आली.

“नझिरा, आज तू आतच बस बाई. कॉफी मी देते.”

“माझ्या थडग्यापाशी कॉफी मीच देणार,” नझिरा म्हणाली. इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली.

शिब्ली अक्रोडाखाली उभा राहिला. हॅट काढली. दगडावरचं नाव बोटानं चाचपलं आणि हुंदके देऊन रडू लागला. अख्खं गाव मान खाली घालून उभं. जरा वेळानं त्यानं डोळे पुसले आणि समोर आलेल्या ताटातला पेला उचलला.

“तुम्ही ओळखत होता हिला?” त्यानं विचारलं.

सगळेच हे विचारायचे आणि नझिरा सगळ्यांना मानेनंच ‘नाही’ म्हणायची. आज ती त्याच्याकडं बघत राहिली.

“तुझी शेळी आमच्या तुतीत शिरलीय,” ती म्हणाली, “आंधळा आहेस का?”

शिब्लीच्या हातातली कॉफी दगडावर सांडली. सरपंच आकाशाकडं बघू लागले.

नंतर तो तिच्या ओसरीवर बसला. पांढराफटक पडला होता. “मी तुला मारलं ते गोष्टीत,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता. “मग वर्षभरानं कबरीचा फोटो आमच्या अंकात छापून आला. बैरूतहून कुणी मास्तरांनी पाठवला होता. मला वाटलं, मी लिहिलं आणि तसंच झालं. तुला मी खरंच मारलं. नझिरा, मी जन्मभर तुझ्यासाठी प्रार्थना म्हटलीय गं!”

“पण मुळात मारायचं कशाला होतं?”

“संपादक म्हणाले, वर्गणीदार गळायला लागलेत. लग्न लावलंस तर गोष्ट संपली, अंक कोण घेणार? मुलगी मेली तर लोक रडतील, एकमेकांना अंक दाखवतील.”

“मग? टिकले का तुमचे वर्गणीदार?”

“खूप. कितीतरी वर्षं चाललं मासिक त्यानंतर.”

नझिरा हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं. “आणि नाव? माझंच नाव कशाला?”

“तिथं मी एकटा होतो,” शिब्ली म्हणाला. “पाठीवर गाठोडं, भाषा येत नाही, दार उघडून लोक अंगावर कुत्री सोडायचे. गावातल्या मुलींपैकी माझ्याशी बोललेली तू एकटीच होतीस.”

नझिराला राग यायला हवा होता आणि तो आलाही होता. पण चार वर्षं परमुलखात एका शिवीवर काढलेला माणूस समोर बसला होता, त्याच्यावर तो राग नीट बसेना.

“आता असं कर,” ती शेवटी म्हणाली. “त्याच मासिकात लिही. ती मुलगी मेली नव्हती, आणि तिचं तुझ्यावर प्रेमही नव्हतं.”

“मासिक कधीच बंद झालं गं. युद्धात तिथल्या सरकारनं परक्या भाषेतली छपाईच बंद करून टाकली. संपादक गेले, छापखान्याचे खिळे भंगारात गेले. बैरूतची मासिकं आता असलं काही छापत नाहीत. आता शहरातल्या गोष्टी चालतात.”

“म्हणजे खोटं गावोगाव गेलं आणि खऱ्याला जायला गाडी नाही.”

शिब्लीनं हॅट उचलून गुडघ्यावर ठेवली.

“बरं, मासिक राहू दे,” ती म्हणाली. “एका माणसाला सांग. पलीकडं तन्नूस आहे. तुझी टॅक्सी उभीच आहे. त्याला एवढंच सांग, ‘हे सगळं मी तिकडं बसून रचलं, हिनं मला फक्त शेळीवरून झापलं होतं.’ त्यानं आता काही करावं असं नाही. आता काय करायचंय? पण त्याला ठाऊक असू दे.”

तिच्यासाठी सगळं आयुष्य याच एका वाक्यापाशी अडून राहिलं होतं आणि ते वाक्य पोचवू शकेल असा माणूस जगात एकच होता.

टॅक्सी वळणं घेत दरीत उतरली, पलीकडं चढली. नझिरा कठड्यापाशी उभी राहिली. सिमेंटच्या छतावर तन्नूस सफरचंदाच्या फोडी वाळत घालत होता. मग हॅट घातलेला एक माणूस वर आला. दोघं समोरासमोर उभे राहिले. हॅटवाल्याचे हात हलत होते. तन्नूस आत गेला, काहीतरी घेऊन बाहेर आला आणि खाली बसला. एवढ्या लांबून बाकी काही कळत नव्हतं.

शिब्ली परतला तेव्हा त्यानं हॅट हातातच धरली होती.

“सांगितलंस?”

“सांगितलं. आधी म्हणाला, भला माणूस आहेस, बाईची अब्रू राखायला आलास. मी क्रूसाची शपथ घेतली. तेव्हा आत गेला आणि अंक घेऊन आला. त्यांच्या गावाला आलेले सगळे अंक जपून ठेवलेत त्यानं, नझिरा. माझ्याकडंही नाहीत. म्हणाला, ‘माझ्या बायकोला हे मी वाचून दाखवलंय, पोरांना दाखवलंय. एवढ्या मोठ्या प्रेमाच्या वाटेतून मी बाजूला झालो, म्हणून मी आज ताठ मानेनं जगतोय. आणि तू आता सांगतोस, शेळी होती?’”

“मग?”

“मग म्हणाला, ‘तसं असेल तर मी तिला कशासाठी सोडलं?’ आणि अंक मिटून म्हणाला, ‘तू काही सांगितलं नाहीस आणि मी काही ऐकलं नाही. जा आता.’”

नझिरा कठड्याला टेकली.

“खाली येताना त्यानं पुन्हा हाक मारली,” शिब्ली अडखळत म्हणाला. “‘मी दर एलियाच्या सणाला तिच्यासाठी मेणबत्ती लावतो,’ म्हणाला. ‘माझ्या मधाच्या पोळ्यांचं मेण असतं. यंदाही लावणार.’”

नझिरानं पलीकडच्या छताकडं पाहिलं. एवढी वर्षं तो दरी उतरून, चढून, तिच्या दारापासून दहा पावलांवर येत होता. तिच्याकडं नाही, थडग्यातल्या तिच्याकडं. मग ती आत गेली आणि सांडलेल्या कॉफीचा पेला धुऊन पालथा ठेवला. शिब्ली संध्याकाळी निघून गेला. जाताना त्यानं काहीतरी म्हटलं, ती मानेनंच ‘बरं’ म्हणाली.

पुढच्या वसंतात नेहमीसारखे पाहुणे आले. त्रिपोलीचं एक नवं जोडपं होतं. मुलीच्या हातात आजीकडून आलेला जुना, पिवळा पडलेला अंक. नझिरानं पाणी दिलं, कॉफी दिली, पुढं होऊन अक्रोडाखाली नेलं. मुलगी गुडघे टेकून बसली. थोड्या वेळानं तिनं वर बघितलं.

“खाला, तुम्ही ओळखत होता हिला?”

“ओळखत होते,” नझिरा म्हणाली. “चांगली होती. जिभेची जरा तिखट. लग्न ठरलं होतं तिचं, पलीकडच्या गावातल्या मुलाशी. खेचरं होती त्याच्याकडं. हिची गोणी तो नेहमी सगळ्यांत वर ठेवायचा.”

मुलीनं हातातला अंक चाळला, पुढं बघितलं, मागं बघितलं.

“हे तर यात कुठंच नाही.”

“नाही,” नझिरा म्हणाली. “ते कुणी छापलं नाही.” आणि एलियाच्या सणापासून दगडावर राहिलेलं मेण ती या वेळी खरवडून टाकायला वाकली नाही.